शाळा सुटली, आता पुढे?

वाचक विचारतात, ताई सांगतात

मागच्या अंकात दिव्यांग मुलांच्या शाळांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतलेत. नावं नेहमीसारखी छापत नाहीये, फक्त भाग लिहितेय. एका प्रश्नाचं उत्तर जरा लांबलंय, तो तेवढा मोठा आहेच.

प्रश्न: ताई, माझी नात साडेतीन वर्षांची आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. मशीन लावलंय, स्पीच थेरपी पण चालू आहे. पण सूनबाई तिच्याशी सारखी खुणांनी बोलते, मोबाईलवर बघून बघून शिकवते. घरात सगळे म्हणतात खुणांची सवय लागली तर पोर तोंडाने बोलणारच नाही. खरं आहे का? (एक आजी, सिडको)

आजी, सूनबाईंना काही बोलू नका, त्या बरोबर करतायत. मशीन पण चालू ठेवा, थेरपी पण चालू ठेवा, आणि खुणा पण. तिन्हीतलं एकच निवडा असं कुणी सांगितलंय?

सांगितलंय खरं तर, पण फार पूर्वी आणि फार लांब. १८८० साली इटलीत मिलान शहरात बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांची मोठी परिषद भरली होती. शंभरावर प्रतिनिधी जमले आणि त्यात स्वतः बहिरा असलेला माणूस जेमतेम एक. तर या ऐकू येणाऱ्या मंडळींनी ठराव केला की खुणांपेक्षा तोंडाने बोलणं श्रेष्ठ, शाळेत तेच शिकवायचं. त्याआधी शंभरेक वर्षांपासून पॅरिसमध्ये आबे द लेपे नावाच्या पाद्र्याने काढलेल्या शाळेत खुणांनीच शिकवत होते, तिथली बहिरी मुलं शिकून स्वतः मास्तर झाली होती, हे सगळं माहीत असूनही. ठरावानंतर युरोपात अशा बहिऱ्या मास्तरांच्या नोकऱ्या गेल्या. मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात, म्हणजे आपल्याकडे ही शाळा आली तीच मुळी हा नियम बरोबर घेऊन. मग काय, वर्गात हात खाली, बाईंच्या ओठांकडे बघा, आणि मधली सुट्टी झाली की पोरं मैदानात भराभरा खुणांनी गप्पा मारतायत. मी स्वतः अशा वर्गात उभी राहिलेय. खुणांची भाषा टिकली ती मैदानात नि होस्टेलच्या खोल्यांत, आमच्यासारख्या बायांमुळे नाही.

तो मिलानचा ठराव चुकला असं २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेत जाहीर म्हटलं गेलं, दिलगिरी पण व्यक्त झाली. १३० वर्षं लागली. तुमच्या घरात जे म्हणतायत ते अजून १८८० मध्येच आहे असं समजा.

आता कामाचं. मशीन लावलं त्या दिवसापासून मूल बोलायला लागत नाही हो, कानावर पडणाऱ्या आवाजाचा अर्थ लागायला महिने, कधी वर्षं जातात, आणि तेवढा वेळ पोरीने काय करायचं? ‘भूक लागली’, ‘नको’, ‘बाबा कुठंय’ हे सांगायला तिला आत्ताच काहीतरी हवंय, नाहीतर ती आदळआपट करणार आणि तुम्ही म्हणणार हट्टी आहे. एक भाषा पक्की बसली की दुसरीला आधार होतो, अडथळा नाही. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था २०१५ पासून आहे, त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले, व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. आणि नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, पडसाद ही पण अशीच शाळा आहे, एकदा सूनबाईंबरोबर तुम्ही पण जाऊन या, तिथल्या दुसऱ्या आज्यांशी बोला. आणि खरं सांगू, तुम्ही पण दहा-वीस खुणा शिकून घ्या, नातीला सगळ्यात जास्त मजा त्याची वाटेल.

प्रश्न: माझा मुलगा १७ पूर्ण झालाय, डाउन सिंड्रोम आहे. स्पेशल स्कूलमध्ये छान रमलाय पण १८ झाले की शाळा संपली असं सांगितलंय. मी आणि मिस्टर दोघं नोकरी करतो. तो दिवसभर घरी बसून काय करणार, आणि आमच्यानंतर त्याचं काय, या विचाराने झोप लागत नाही. आत्ताच कुठल्या तरी निवासी संस्थेत नाव घालून ठेवावं का? (एक आई, इंदिरानगर)

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, शाळेनंतर काय आणि आमच्यानंतर काय. बहुतेक घरी दुसऱ्याचीच इतकी काळजी चालते की पहिला तसाच राहतो, आणि पहिला नीट सोडवला की दुसरा निम्मा सुटतो असं माझं मत आहे. म्हणून आत्ताच निवासी संस्थेत नाव घालायची घाई मी करणार नाही. का ते जरा मागून सांगते.

या मुलांच्या शाळा आपल्याकडे सरकारने कमी आणि आईबापांनी जास्त काढल्यात. मुंबईत १९४४ मध्ये डॉ. होरमसजी वकील आणि जय वकील या पारशी जोडप्याने शाळा काढली ती स्वतःच्या मुलीसाठी, तिला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेणारी शाळाच नव्हती. १९७२ मध्ये मिठू आलूर यांनी मुंबईतच सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलांसाठी काम सुरू केलं, त्यांच्याही घरात मुलगी होती. आणि आपल्या नाशिकमध्ये १९७७ ला रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी ही शाळा उभी केली, त्या स्वतः शिक्षिका, आणि स्वतःच्या मुलासाठी गावात काही सोय नाही हे बघितलेली आई. आज तुमचा मुलगा ज्या कुठल्या शाळेत जातोय तिथला फळा, बस, थेरपीची खोली, सगळं असल्या कुणाच्या तरी चिडीतून आलेलं असतं.

पण शाळा म्हटलं की वय आलंच. १९९५ चा कायदा आला त्यात मोफत शिक्षण १८ वर्षांपर्यंत, २०१६ चा नवीन आला, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं, पण मोफत शिक्षणाचं वय १८ च राहिलं. कायद्याने शाळेपर्यंत आणून सोडलं आणि म्हणाला जा आता. आमच्याकडे जून आला की नवीन मुलांच्या ॲडमिशनची धांदल आणि त्याच वेळी मोठी झालेली दोन-चार पोरं गेटवर येऊन उभी, त्यांना कळतच नाही की आपल्याला आत का घेत नाहीयेत.

हे फक्त इथलं नाही. कार्ल कोनिग नावाचा ऑस्ट्रियन डॉक्टर नाझींपासून पळून स्कॉटलंडला गेला आणि १९४० मध्ये ॲबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाच्या घरात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अशा मुलांबरोबर राहायला सुरुवात केली. शिकवायला नाही, राहायला. एकच टेबल, एकच स्वैपाक, कामं वाटून घेतलेली. गंमत अशी की घर बदलायचं ठरलं त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे म्हणून पुरुषांना सरकारने स्थानबद्ध केलं आणि सामान हलवून घर थाटलं ते मागे राहिलेल्या बायकांनी. पण ही पण आधी मुलांचीच सोय होती. ती मुलं मोठी झाली, आईबाप विचारायला लागले की आता पुढे? आणि मग १९५५ मध्ये इंग्लंडात यॉर्कशरला बॉटन नावाचं मोठ्या माणसांसाठीचं गाव निघालं, तिथे शेती, गाईगुरं, बेकरी, ज्याला जे जमेल ते काम. म्हणजे तुमचा प्रश्न तिथल्या आयांनी सत्तर वर्षांपूर्वी विचारलेला आहे.

मला मात्र त्याहून जवळचं वाटतं ते बेल्जियममधलं गील. तिथे संस्था बांधण्याआधीपासून, मध्ययुगापासून, मानसिक आजार असलेली किंवा बुद्धीने कमी असलेली माणसं गावातल्या साध्या कुटुंबात राहायला येतात. १९३० च्या दशकात अशी तीन हजारांच्या वर माणसं त्या छोट्या गावात घराघरांत राहत होती. शेतात हात लावतात, पोरं सांभाळतात, दुकानात जातात, आणि कुणी विचित्र वागलं तरी गाव बिचकत नाही कारण गावाला सवय आहे. आपल्या जुन्या वाड्यांत पण थोडंफार हेच होतं, कुणाचा तरी साधाभोळा काका सगळ्यांचं दळण आणून द्यायचा. ते फार छान होतं असं मी म्हणत नाही, त्या काकाला कुणी पैसे दिले नाहीत आणि पोरं मागे लागून चिडवायची ते पण मी बघितलंय. पण त्याला अख्खी गल्ली ओळखायची हे खरं.

तुमच्या मुलाला कोण ओळखतं, याचा विचार करा. स्कूलबस दारात येते, दारात सोडते, दहा-बारा वर्षं शाळा केली तरी कॉलनीतल्या किराणावाल्याला त्याचं नाव माहीत नसतं. हे एक वर्ष आहे ना हातात, त्यात रोज त्याला एकट्याला कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाची पिशवी आणायला पाठवा, तुम्ही सुरुवातीला लांब उभ्या राहा. सिटीलिंकच्या एकाच रूटवर बसने जायला शिकवा, एकच रूट, पण पक्का. गणपतीत मंडळाच्या पोरांना सांगा की याला पण काम द्या, आरतीला नुसतं पुढे उभं करू नका, खुर्च्या लावायला घ्या. पैसे हातात द्या, हरवले तर हरवले.

कामाचं म्हणाल तर १८ वर्षांवरच्यांसाठी कार्यशाळा चालतात, पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या, आकाशकंदील असलं काम. चांगल्या आहेत पण दिवाळी संपली की काम संपलं अशी काही ठिकाणी गत असते, म्हणून जाऊन बघाल तेव्हा फेब्रुवारीत जा, ऑक्टोबरात नाही. आणि पगार किती देता हे न लाजता विचारा. चार-पाच पालकांनी मिळून पोळीभाजीचं किंवा पॅकिंगचं छोटं युनिट काढणं हाही रस्ता आहे, महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, नगरसेवकाला हे विचारायला पालकांनी एकत्र गेलं पाहिजे, एकट्या आईला कुणी उभं करत नाही.

कागदांचं पण उरकून घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा. १८ पूर्ण झाले की कायद्याने तुम्ही त्याचे आपोआप पालक राहत नाही, हे बऱ्याच जणांना बँकेच्या काउंटरवर कळतं. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे, जिच्यावर कलेक्टर असतात, गार्डियनशिपचा अर्ज करता येतो, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांग या सगळ्यांसाठी. त्याच ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, १ लाखापर्यंत. तुमच्या दोघांपैकी कुणी सरकारी पेन्शनवाले असाल तर ऑफिसात मुलाचं नाव आत्ताच नोंदवा, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला तुमच्यामागे आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते, पण मागाहून कागद जमवणाऱ्या भावंडांचे फार हाल होतात.

निवासी संस्था नाशिकमध्येही आहेत, वाईट आहेत असं अजिबात म्हणत नाहीये. आधी महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मावशीकडे राहायला पाठवा, तुमच्याशिवाय झोपतो का बघा. तिथून सुरू करा.

प्रश्न: वय ७४. काचबिंदूमुळे आता अंधुकच दिसतं. परवा भाजी घेताना शंभरची म्हणून पाचशेची नोट दिली, ती बाई प्रामाणिक म्हणून परत मिळाली. अंध लोक नोट कशी ओळखतात? (एक निवृत्त कामगार, नाशिकरोड)

आजोबा, तुम्ही नाशिकरोडचे, म्हणजे नोटा तुमच्याच गावच्या प्रेसमधल्या. नवीन नोटांत शंभर आणि त्यावरच्या नोटांना दोन्ही कडांवर तिरप्या उठावाच्या रेघा असतात: शंभरला ४, दोनशेला ४ आणि मध्ये दोन गोल, पाचशेला ५. शिवाय शंभरला उठावाचा त्रिकोण, दोनशेला इंग्रजी एचसारखी खूण, पाचशेला गोल. कोऱ्या नोटेवर बोट फिरवलंत तर लागतं. पण बाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर माझ्या डोळस बोटांना पण काही कळत नाही, आणि ज्यांची नजर उतारवयात गेली त्यांची बोटं एवढी तयार नसतात. लांबी बघावी तर शंभर १४२ मिलिमीटर, दोनशे १४६, पाचशे १५०, रुंदी तिन्हींची एकच. चार मिलिमीटरचा फरक भाजीच्या गाड्यासमोर कोण मोजणार! जुन्या नोटांत साइजचा फरक चांगला मोठा होता, तो घालवला ते चुकलंच असं माझं मत.

मग काय करायचं, तर घडी. घरी उजेडात बसून पाचशेची उभी घडी, दोनशेची आडवी, शंभर सरळ, पाकिटात वेगवेगळे कप्पे, आणि सुट्टे परत आले की ते वेगळ्या खिशात, घरी येऊन मग लावायचे. स्मार्टफोन असेल तर नातवाकडून रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप टाकून घ्या, २०२० मध्ये आलंय, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही.

प्रश्न: मी बी.एड. करतेय. ब्रेल इंग्लिशसाठी आहे ना, मग मराठी कशी लिहितात? आणि आता ऑडिओ बुक्स आहेत तर ब्रेल शिकायची गरज उरलीये का? (कॉलेज रोड)

अगं, सहा टिंबांतून ६३ खुणा होतात, त्या कुठल्याही भाषेला वापरता येतात. आपल्याकडे सुरुवातीला फार गोंधळ होता, कोलकात्याच्या अंधशाळेच्या लाल बिहारी शाह यांची वेगळी पद्धत, भावनगरच्या नीलकंठराय यांची वेगळी, अशा कितीतरी. एका शाळेतलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता यायचं नाही. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि सगळ्या भारतीय भाषांना एकच झाली. त्यात उच्चार बघून खूण दिलीये, म्हणून आपला ‘क’ आणि इंग्रजी के यांची टिंबं सारखीच.

‘नाशिक’ लिहायचं तर न, आ, श, इ, क अशी पाच घरं, एका खुणेला एक घर. काना-वेलांटी वर-खाली लागत नाही, स्वर सरळ पुढे लिहायचा. जोडाक्षर असेल तर ज्याचा पाय मोडायचा त्याच्या आधी एक टिंब. क्ष आणि ज्ञ ला मात्र स्वतःची खूण आहे. पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटा करून डावीकडून वाचायचं, पहिला आठवडा डोकं फिरतं.

ऑडिओचं म्हणशील तर ऐकून गोष्ट कळते, ‘दिन’ आणि ‘दीन’ कसं लिहायचं ते कळत नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ इ च्या खुणा वेगळ्या आहेत. गणितात तर विचारूच नको, समीकरण कानाने सोडवून दाखव मला. सातपूरला नॅब ही अंधांसाठी काम करणारी संस्था आहे, तिथे जाऊन चौकशी कर, आणि जमलं तर परीक्षेला लेखनिक म्हणून जा, दहावी-बारावीच्या मुलांना लेखनिक मिळताना फार मारामार होते. लेखनिकाच्या शिक्षणाची अट असते, ती आधी विचारून घे.

प्रश्न: आमच्या बालवाडीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका चार वर्षांच्या मुलाची आई ॲडमिशन मागतेय. मला घ्यायचंय, पण आमच्या ट्रस्टचं म्हणणं की त्याच्यासाठी स्पेशल साहित्य लागेल, ते आपल्याकडे नाही. काय काय आणावं लागेल? (एक बालवाडीच्या बाई, पंचवटी)

बाई, तुमच्याकडे मॉन्टेसरीचं सामान आहे का? दट्ट्यांचे ठोकळे, मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरं, बटणं लावायच्या चौकटी? असेल तर ट्रस्टला सांगा की स्पेशल साहित्य आपल्या कपाटातच आहे.

हे मी मजेत म्हणत नाहीये. या सामानाची वंशावळच तशी आहे. १८०० च्या सुमाराला फ्रान्समध्ये ॲवेरॉन भागात रानात एकटा वाढलेला एक मुलगा सापडला. पॅरिसच्या बहिऱ्यांच्या शाळेतला डॉक्टर इतार त्याला स्पर्श, आवाज, आकार यांतून शिकवायला बसला. फार काही हाती लागलं नाही, पण त्याचाच पुढे शिष्य झाला सेगां, त्याने बुद्धीने मागे असलेल्या मुलांसाठी शाळा काढली आणि हाताळायच्या वस्तू बनवल्या. या दोघांची पुस्तकं रोममधल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवून काढली, त्या मारिया मॉन्टेसरी. त्यांनी आधी काम केलं ते अशाच मुलांबरोबर, ती मुलं साध्या शाळेची परीक्षा पास व्हायला लागली, आणि तेव्हा बाईंना प्रश्न पडला की मग बाकीच्या धडधाकट मुलांना शाळा एवढं मागे का ठेवते? १९०७ मध्ये त्यांचं बालघर निघालं. १९३९ ला त्या भारतात आल्या आणि महायुद्धात इथेच अडकल्या. गिजुभाई आणि ताराबाई मोडकांनी तर त्याआधीच त्यांचे विचार आपल्याकडे रुजवायला घेतले होते, मराठीत बालवाडी घराघरात पोचली ती ताराबाईंमुळे. म्हणजे जे सामान या मुलांसाठी बनलं ते बाकीच्यांनी घेतलं आणि आता या मुलाला म्हणतायत तुझ्यासाठी आमच्याकडे काही नाही. कमाल आहे.

कायद्याचं पण सांगा त्यांना, सरकारी किंवा सरकारी मान्यता-अनुदान असलेल्या शाळेने दिव्यांगत्व आहे म्हणून मूल नाकारायचं नाही असं २०१६ च्या कायद्यात आहे. तुमची बालवाडी त्यात बसो न बसो, पहिलीला तो कुठल्या तरी शाळेत जाणारच आहे, दोन वर्षं आधी सवय झाली तर चांगलंच.

त्याच्या आईला विचारा तो कसा बसतो, कुठला हात चांगला चालतो, गिळायला त्रास आहे का, डबा कोण भरवतं. हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत तेवढं तिला माहीत असतं. ठोकळ्यांच्या खुंट्यांना कापड गुंडाळून जाड करा म्हणजे त्याची पकड बसेल. खाली मांडी घालून बसणं जमत नसेल तर कोपऱ्यात भिंतीचा आधार द्या, पण वर्गाकडे तोंड करून. उत्तर द्यायला तो वेळ लावेल, तेवढ्यात दुसरं पोर ओरडून उत्तर देईल, त्याला थांबवा. फिजिओथेरपी चालू नसेल तर आईला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लहान मुलांच्या तपासणी केंद्राची चौकशी करायला पाठवा.

आणि ट्रस्टला खर्च करायचाच असेल तर साहित्याचा कॅटलॉग बाजूला ठेवून टेप घेऊन बाथरूमचा दरवाजा मोजायला सांगा. त्याचा वॉकर आत जातो का, आत वळतो का आणि धरायला दांडी कुठे लावता येईल, हे बघायला त्याच्या आईला ॲडमिशनच्या आधीच बोलवा.